गाडीबाहेर काढलेल्या चपला

रेडिओसाठी दर महिन्याला पैसे भरणारी बाई म्हणून नवऱ्याने माझी यथेच्छ टर उडवली होती. तरी मी हट्टाने गाडीत सॅटेलाइट रेडिओ बसवून घेतला. अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावाहून ऑफिसला जाता-येता मला माणसांचे आवाज हवे असायचे. छपरावर चिकटवलेल्या काळ्या डबीला मोकळं आकाश दिसलं की जगभरची स्टेशनं लागत. पाइनच्या झाडांखाली गाडी शिरली की सगळी मंडळी गप्प!

आई गेली त्या वर्षी बाबा नागपूरहून सहा महिन्यांसाठी माझ्याकडे आले. मी त्यांची एकुलती एक. पण महिना होतो न होतो तोच त्यांनी टुमणं लावलं, "तिकिटाची तारीख अलीकडे घे. एजंटला सांग."

"तिथे रिकाम्या फ्लॅटमध्ये कोण वाट बघतंय तुमची?" मी फटकन म्हणाले. माझी जीभ अशीच आहे. बाबा पाण्याची बाटली भरायला उठले. आईचा विषय निघाला की ते असंच करत. ते तिकडे एकटे खंगतील या भीतीने माझा जीव खालीवर व्हायचा, आणि तोंडातून मात्र राग बाहेर पडायचा.

एकदा भाजी आणायला जाताना त्यांच्या हातून रेडिओचं बटण फिरलं आणि जगाच्या बातम्या देणारं इंग्रजी स्टेशन लागलं. बाबा ताठ बसले. तेव्हापासून मी ऑफिसातून आले की बाबा चहाच्या आधी गाडीची किल्ली मागायचे. गॅरेजमध्ये सिग्नल येत नाही, म्हणून गाडी ड्राइव्हवेच्या तोंडाशी लावायची. तीही त्यांच्या हुकमाने. "अजून पुढे घे. अजून. बस्स!"

डॅशबोर्डवर गणपती होता, त्यामुळे बाबा चपला बाहेर काढूनच गाडीत बसत. दाराशी जोड नीट लावून ठेवलेला. एकदा त्या तशाच ड्राइव्हवेवर राहिल्या, आम्ही निघालो आणि बाबा इंडियन ग्रोसरीत अनवाणी भेंडी निवडत फिरले. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. लाज मलाच वाटली.

समोरच्या घरात एक निवृत्त नर्स एकटीच राहायची. आमची ओळख हात हलवण्यापुरती. एका संध्याकाळी मी कांदा चिरत होते आणि खिडकीतून बघते तर ती रस्ता ओलांडून आमच्या गाडीकडे पळत निघालेली. मी हातातली सुरी टाकून धावले. तोवर तिने दार उघडून बाबांचं मनगट धरलं होतं आणि स्वतःच्या घड्याळात बघत ती नाडी मोजत होती.

"मॅडम, आय अ‍ॅम परफेक्टली ऑलराइट," बाबा म्हणत होते. "वन मिनिट प्लीज. हेडलाइन्स."

काचा बंद, डोळे मिटलेले, हात छातीवर आणि चपला बाहेर. हा म्हातारा आत कोसळलाय असंच तिला वाटलं होतं. मी गणपती दाखवला, चपलांचं कारण सांगितलं. आता ही चिडणार, या भीतीने मी माफी मागायला लागले, तर ती गाडीच्या छपराला धरून हसत सुटली. बाबांनी आपल्या ऑफिसच्या इंग्रजीत दिलगिरी व्यक्त केली आणि म्हणाले, "प्लीज सिट." तिने बूट काढले, बाबांच्या चपलांशेजारी ठेवले आणि पलीकडच्या सीटवर जाऊन बसली.

मग ती रोजच यायला लागली. आधी बाबांच्या बातम्या, मग तिच्या आवडीची जुनी विनोदी नाटुकली. हळूहळू माझ्या लक्षात आलं की रेडिओ बंद झाला तरी दोघं गाडीतच बसलेली असतात.

एके दिवशी जेवायला बोलवायला गेले, तर काच अर्धी खाली होती. "माय वाइफ वॉज व्हेरी स्ट्रिक्ट लेडी," बाबा सांगत होते. "नो न्यूज अ‍ॅट डिनर टाइम!" आणि चक्क हसले. तिने विचारलं, काय बनवायची ती? बाबांनी तिला वडाभात इतका रंगवून सांगितला की मी ओल्या हातांनी तिथेच उभी राहिले. मला बरं वाटलं, आणि खरं सांगते, हेवाही वाटला. लेक मी, आणि आई वाट्याला आली शेजारणीच्या.

जेवताना मी विचारलं, "बाबा, एजंटला काय सांगू?"

"कशाचं?"

"तारखेचं."

"राहू दे आता. त्या मॅडमला तुझ्या आईचं बरंच सांगायचं राहून गेलंय."

"आणि मला?" माझा आवाज हवा त्यापेक्षा चढला.

बाबांनी ताटावरचा हात थांबवला. "तू रडशील म्हणून भीत होतो," ते म्हणाले. "बैस."

आणि आईला पहिल्यांदा बघायला गेले त्या दिवसापासून त्यांनी सुरुवात केली. मी रडलेच. पण त्यांनी सांगणं थांबवलं नाही.