फुगलेला पत्रा

आज शेजारी जुनं कपाट हलवताना कुजक्या, ओल्या लाकडाचा वास आला आणि पंचवीस वर्षांपूर्वीचं सिन्नरचं ते गॅरेज आठवलं.

पाठीच्या दुखण्यामुळे माझ्या बायकोला, सुधाला, बसता येत नव्हतं. चार वर्षं ती मालवणला माहेरी गेली नव्हती. म्हणून मी आत पलंग आणि स्टोव्ह असलेली एक जुनी गाडी घेतली. गाडीचा एका बाजूचा पत्रा फुगला होता. वाटेत तो ठोकून घेऊ, असं ठरवून आम्ही नाशिकहून निघालो.

सिन्नरच्या गॅरेजात मिस्त्रीने पत्रा सोडवला, तर आतलं लाकूड भुशासारखं खाली सांडलं. मी ते तळहाताने उगाच आत दाबत राहिलो.

"साहेब, पत्रा ठोकून काय उपयोग नाय," तो हळूच म्हणाला. "आतला सांगाडाच गेलाय. घाटात बॉडी सुटून येईल."

पलंगावरून सुधाने विचारलं, "झालं का?"

"होतंय," मी म्हणालो.

"अहो, भिंतच उघडी आहे. ऐकलं मी. सिन्नर तरी पाहिलं. चला घरी."

तिने थट्टा केली असं समजून मी हसलो आणि सुटल्यासारखा पुन्हा पत्र्याकडे वळलो. तिचं मालवण शेवटपर्यंत राहूनच गेलं. ते बोलताना तिचा चेहरा कसा होता, हे आता कितीही आठवलं तरी आठवत नाही. मी तिच्याकडे पाहिलंच नव्हतं.