बायकांच्या बराकीतला उकाडा

"मी गाडीत बसनार न्हाय म्हंजे न्हाय!"

तुरुंगाच्या फाटकात हवाबी फतकल मारून बसलेली. मागं कोर्टात न्यायला आलेली पोलीसगाडी, पुढं जेलर मॅडम. "अगं बाई, आज तुझा जामीन होईल!" मॅडमचा आवाज टिपेला.

हे भांडण कशापायी, ते शेवटी सांगते.

मी या बराकीत बायकांना शिवण शिकवते. शाळा पाहिली नाही. वाचायला आलं ते सात रस्ता चौकातल्या दुकानांच्या पाट्या जुळवून, आणि बोलायला मला कुणी शिकवावं लागलं नाही! मशीन सुरू झालं की बायकांची तोंडं सुटतात. निम्म्या पंचेचाळीस-पन्नाशीच्या. चिंध्यांसारखे किस्से साठलेत. फेकायचे कशाला? वाकळ तरी होईल.

*

वळसंगची शांताबाई. एका मंगळवारी भर दुपारी तोंड लालबुंद, अंग घामानं निथळतंय. केस सोडले आणि डोकं गदागदा हलवायला लागली.

"देवी आली!" अख्खी बराक पायावर. कुणी कुंकू लावलं, कुणी विचारलं, "आई, माझी केस कदी सुटंल?"

शांताबाईनं डोळे वटारले. "भवान्यांनो, आदी बाजूला सरा, वारा येऊ द्या!"

तरी पुढच्या मंगळवारी रांग लागलीच!

*

तपासायला येणारे डॉक्टर पुरुष, आणि शेजारी शिपाई उभा. अंगाची आग होते, झोप नाही, उगाच रडू फुटतं, हे कोण सांगणार? सगळ्यांचं एकच उत्तर, "डोकं दुखतंय."

डॉक्टर वैतागले. "सगळ्या बराकीला मिळून एकच डोकं आहे का?"

मी म्हटलं, "साहेब, त्या शिपायाला बाहेर घालवा, मग विचारा!"

शिपाई गेला. त्या दिवशी डोकं कुणाचंच दुखलं नाही.

*

पॅड वाटणाऱ्या पोरीनं हवाबीला वगळलं. "आजी, तुमचं वय झालं की."

हवाबी टेंभुर्णीची, बांगड्या भरणारी. तिच्या टोपलीपेक्षा तोंडच जास्त वाजायचं. "वय झालं ते मला कळलं, पोरी. रगताला कोन सांगनार?"

सगळ्या हसल्या. मी नाही हसले. तिची पाळी जाऊन दोन वर्षं झाली होती. मग हे रक्त कुठलं? हाताला धरून डॉक्टरपुढं नेली. ते म्हणाले, "हे साधं नाही. मोठ्या दवाखान्यात लगेच तपासून घ्या."

लगेच! पण न्यायला गार्ड लागतात, आणि गार्ड आधी कोर्टाच्या तारखांना. दर आठवड्याला तेच उत्तर, "आज गार्ड नाहीत." तेवढ्या दिवसांत मी हवाबीचा ब्लाउज दोनदा आत घेतला.

*

आणि मग तिचीच तारीख आली. गार्ड आले, गाडी आली. हवाबी फाटकात बसली.

"दवाखान्यात न्या, आत्ता बसते गाडीत."

"जामीन होऊ दे, मग बाहेर जाऊन हव्या त्या दवाखान्यात जा!"

"मागच्या तारखेलाबी हेच म्हनला व्हता की."

"आज गेली नाहीस तर जामीन लांबेल. घरी जायचंय ना तुला?"

मी तोंड उघडणार, तोच हवाबीनं हात वर करून मला गप्प केलं. पायातल्या चपला काढल्या आणि मॅडमपुढं नीट जोडीनं मांडल्या.

"जामीन हुईल वो मॅडम. पर सुटून घरी कोन जानार, ह्या चपला?"