एका बाजूने सरळ

एखादे हाड छायाचित्रात सरळ दिसावे आणि प्रत्यक्षात वाकडे असावे, हे कसे घडते? या प्रश्नाचे उत्तर तांबोळीबाईंनी आयुष्यभर शिकवले, आणि ते हाड त्यांच्याच मांडीत होते.

शनिवार पेठेतल्या आमच्या शाळेत बाई भूमिती शिकवत आणि मी विज्ञान. नववीच्या पहिल्या तासाला त्या एक तार उभी धरून विचारत, "ही कशी आहे?" वर्ग म्हणे, "सरळ." मग बाई चिमटीतली तार पाव वळण फिरवत. ती धनुष्यासारखी वाकलेली निघे. "वाक तुमच्याकडे तोंड करून उभा होता, म्हणून दिसला नाही. दुसरी बाजू बघितल्याशिवाय 'सरळ' हा शब्द उच्चारायचा नाही. कुणी सांगितलं तरी नाही." मुलांनी त्यांचे नावच 'दुसरी बाजू' ठेवले होते. जिन्यावर कुणी "दुसरी बाजू आली रे" असे कुजबुजले, की वरून बाईंचे उत्तर येई, "पहिलीही सोबत आहे. जागेवर बसा."

बाई डाव्या पायाने लंगडत. लहानपणी झाडावरून पडून त्यांची मांडी खुब्याच्या जरा खाली मोडली होती आणि घरच्यांनी कामट्या बांधून ती जुळवली होती. या पायाची चौकशी त्यांना खपत नसे. मंडईत एका भाजीवालीने कळवळून विचारले, "बाई, पायाला काय झालं हो?" बाई म्हणाल्या, "पाय विकायला आणलेला नाही. वांगी कशी दिलीत?"

निवृत्तीनंतर त्या विश्रांतवाडीला भाचीकडे, शबानाकडे राहू लागल्या. खुब्याचा सांधा झिजत गेला. आधी काठी आली, मग काठीबरोबर शबानाचा हात आला, आणि तो हात बाईंना दुखण्यापेक्षा जास्त टोचे. "मला मंडईत एकटीनं जायचंय. बाकी काही नको," असे म्हणून त्या शस्त्रक्रियेला तयार झाल्या. खुब्याचा झिजलेला गोळा काढायचा, मांडीच्या हाडाच्या पोकळीत धातूचा दांडा ठोकून बसवायचा आणि त्यावर नवा गोळा चढवायचा, असे ते काम. शल्यविशारद बाईंचाच विद्यार्थी होता. शबानाला त्याचा मोठा आधार वाटला.

एक्स-रे काढायला मीही सोबत गेलो होतो. समोरून चित्र निघाले. तंत्रज्ञ म्हणाला, "आजी, आता कुशीवर वळा. बाजूनंही काढायचाय." त्याने पाय वळवायला घेताच बाईंचा चेहरा पांढरा पडला.

"पुढून दिसलं ना? पुरे."

"फुफी, काढू दे ना," शबाना आत्याला म्हणाली.

"हा पाय तुझ्या जन्माच्या आधीपासून माझ्याकडे आहे."

बाजूचे चित्र निघाले नाही. डॉक्टरांनी असलेले एक चित्र उजेडाच्या पाटीवर लावले. हाड काठीसारखे सरळ दिसत होते. त्यांनी जरा हसून विचारले, "बाई, दुसरी बाजू?"

"जुळलंय ते. सरळ आहे. माझा शब्द पुरत नाही का तुला?"

ज्या आवाजापुढे तो नववीत उभा राहत असे, तोच हा आवाज होता. डॉक्टरांनी मान खाली घातली आणि चित्र पाटीवरून काढून ठेवले.

शस्त्रक्रियेच्या दिवशी ठरल्यापेक्षा फार वेळ लागला. डॉक्टर बाहेर आले ते माझ्या शेजारच्या बाकावर बसले. "सर, हाड पुढच्या अंगाला वाकलेलं होतं. सरळ दांडा त्या वाकाशी वळला नाही, पुढची भिंत फोडून बाहेर आला. आधी दिसलं असतं तर वाकापाशी हाड कापून सरळ केलं असतं, नाहीतर आखूड दांडा घेतला असता." आता तेच कापणे फुटलेल्या हाडावर, थकलेल्या शरीरात, दुसऱ्या शस्त्रक्रियेत करावे लागणार होते.

दुसऱ्या शस्त्रक्रियेआधी बाईंनी आता निघालेले बाजूचे चित्र मागून घेतले आणि खिडकीच्या उजेडात धरले. 

"धनुष्य आहे," त्या म्हणाल्या. मग खाटेच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या डॉक्टरांकडे वळल्या. "कुणी सांगितलं तरी नाही, असं शिकवलं होतं ना तुला?"

"हो, बाई."

"त्या 'कुणी'त मीही येते."

त्या शस्त्रक्रियेनंतर बाई शुद्धीवर आल्या नाहीत. मंडईत आता शबाना एकटी जाते.

वाचकांना एक विनंती आहे. घरातली एखादी तार किंचित वाकवा. वाक आपल्याकडे येईल अशी ती समोर उभी धरा, एक डोळा मिटा आणि ती कशी दिसते ते पाहा. मग तिला पाव वळण द्या. मी सांगितले म्हणून मानू नका. स्वतः पडताळून पाहा.