बीपीवाली बाई

बाई कुणाच्याही घरी गेल्या की आधी त्या घरातलं सगळ्यात भांडखोर माणूस शोधायच्या. "त्याचाच बीपी पहिले पाहाचा, मंग बाकीचे गुपचूप बसतेत," असं त्यांचं शास्त्र. लाखनीजवळच्या आमच्या गावात त्या आशा सेविका आणि मी अंगणवाडी सेविका. त्यांचं नाव रजिस्टरातच राहिलं. गावाने त्यांना बीपीवाली बाई करून टाकलं.

धानाच्या बांधीत रोवणी चालू असली तरी त्या शेताच्या कडेच्या धुऱ्यावर बसून एकेकीला वर बोलवायच्या. हाताचा चिखल पुसून पट्टा बांधायच्या. "घरचं सोड, दोन मिनिटं निस्ती बस वं." दुसरीला निवांत बसवण्यात त्यांचा हातखंडा, त्यांना स्वतःला मात्र मी कधी पाठ टेकलेली पाहिली नाही.

दुपारचे दोन वाजले की हातातलं काम टाकून त्या घराकडे पळायच्या. सासू तीन वर्षांपासून खाटेवर. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून तिची कूस बदलायची, अंग पुसायचं, पेज भरवायची. नवरा ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी, तेही झोपायला. एकदा मी म्हटलं, "बाई, रोज डोकं दुखते तुमचं, दाखवा कोनाले तरी." तर म्हणाल्या, "बिमाराच्या घरी दुसऱ्याले बिमार पडाले जागा नसते, ताई." आणि वर हसल्या. त्या हसण्याचा मला राग यायचा, कीवही यायची.

मग तिशीपुढच्या सगळ्यांची तपासणी करून अर्ज भरायचं काम आलं. अंगणवाडीत बसून आम्ही शेवटचे कागद लिहीत होतो. गाव झालं, राहिलो आम्ही दोघी. मशीन समोरच होती. पट्ट्याला हात न लावता बाईंनी स्वतःच्या नावापुढे लिहिलं, एकशेवीस-ऐंशी.

"मोजा तं आधी," मी म्हटलं.

"अन् जास्त निंगालं तं? भंडाऱ्याले जा, तपासण्या करा. म्हातारीची कूस कोन बदलवल?"

मलाही घरी जायची घाई होती. "मंग माह्यंही तेच लिहा," मी म्हटलं. दोघी हसलो. लोकांच्या आकड्यात दोनाचीही चूक न करणाऱ्या बाया आम्ही!

पुढच्या उन्हाळ्यात एका घरी पट्टा बांधता बांधता त्यांची जीभ अडखळली, उजवा हात लुळा पडला. भंडाऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "आधी बीपी किती होता?" कागदावर एकशेवीस-ऐंशी. "ते खरं नाही," हे मलाच सांगावं लागलं, आणि सांगताना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिसऱ्या दिवशी बाई गेल्या.

तेरवी आटोपल्यावर मी माझं मोजून घेतलं. गोळी सुरू झाली. रोज ती गिळताना आधी बाईंवर चिडते, मग स्वतःवर.

आता शेजारणी पाळीपाळीने म्हातारीकडे जातात. दुपारची पाळी माझी. सून गेल्याचं तिला सांगायची कुणाची छाती झाली नाही. "सून कोठी गेली?" असं रोज विचारते, आणि मी म्हणते, "सर्व्हेले."

काल कूस बदलताना तिने माझं मनगट धरलं.

"तिले सांगजो, एखाद दिवस मले नाही पाह्यलं तरी चालते. घरी येऊन झोप म्हना."