मेंदीतला उंचवटा

वडील चाकणच्या कंपनीत युनियनचं काम करायचे तेव्हा आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त होती. गुलाबी, पिवळ्या कागदांचे गठ्ठे. मी अक्षरं त्यांवरच गिरवली. शिफ्ट सुटताना गेटवर पत्रक कसं द्यायचं, हे मला दहाव्या वर्षी येत होतं: घडी घालून द्यायचं, म्हणजे ते खिशात जातं, रस्त्यावर पडत नाही. आणि एक नियम वडील सतत सांगायचे. आतली गोष्ट ज्याने सांगितली, त्याचा पत्रकात मागमूसही नको.

तो नियम मी मोडला. मला वाटलं, पक्ष्यांच्या बाबतीत तो लागू नाही.

पिंपळे सौदागरला आमच्या सोसायटीत गेटपासून बागेपर्यंत मेंदीचं कुंपण आहे. परभणीकडचे एक माळीमामा ते राखायचे. ते आणि मामी पंपाशेजारच्या खोलीत राहत. खोली कामाबरोबर मिळालेली. काम गेलं की तीही जाणार.

मार्चमधल्या एका सकाळी मामा मोठ्या कात्रीने छाटत होते आणि कुंपण लाटांसारखं वर-खाली होत चाललं होतं.

"मामा, असं वाकडं का?"

"मधी बुलबुल बसलीय, ताई. थांबू नका तिथं. चालत चालत बघा."

चालत चालत बघितलं. वाटीएवढं घरटं, त्यात तीन अंडी.

"तेवढीच जागा सोडली तर उंचवटा दिसतो," मामा म्हणाले. "कावळ्याला पत्ताच मिळाला मग. म्हणून सगळंच वाकडं करायलोय."

"आणि चेअरमन?"

"त्यांना सांगितलं, कात्रीला धार राहिली नाही." मामा हसले. "कावळ्याला फसवणं अवघड. यांना काय."

मी भारावून गेले. पिल्लं बाहेर आली तेव्हा मी पत्रक लिहिलं. 'आपले माळी कुंपण मुद्दाम वाकडं छाटतात, कारण त्यात बुलबुलचं घरटं आहे. पिल्लं उडेपर्यंत सरळ छाटणीचा आग्रह कुणी धरू नये. ही विनंती नाही, हा धडा आहे.' शेवटच्या वाक्यावर मी फार खूश होते. चारही विंगच्या लिफ्टमध्ये ते चिकटवलं आणि शांत झोपले.

रविवारी सकाळी चेअरमननी मामांना कुंपणापाशी बोलावलं. आमच्या इमारती ज्यांच्या शेतावर उभ्या आहेत, त्या घरातले हे. हातात माझं पत्रक. बाल्कन्यांत लोक चहाचे कप घेऊन उभे.

"काय रं, धार न्हाई म्हणत व्हता ना कात्रीला?"

मामांनी कात्री खाली टेकवली.

"हितं तर येगळंच छापलंय. मुद्दाम, म्हणं. नोकरी पाखरांची करतोस का आमची?"

मी धावत खाली गेले आणि बोलले. चांगलं बोलले असेन, कारण वरून दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या. चेअरमननी सगळं ऐकून घेतलं.

"पोरी, तुझा राग न्हाई मला. तू खरं तरी सांगितलंस. ह्यो पंधरा दिस खोटं बोलला." मग मामांकडे वळून म्हणाले, "दोरी लाव. सरळ काप. आत्ता, माझ्यासमोर. न्हाईतर खोली रिकामी कर."

मामी पंपापाशी उभी होती. मामांनी तिच्याकडे एकदा पाहिलं. माझ्याकडे नाही. मग दोन टोकांना खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली आणि गेटकडून सुरुवात केली. कात्रीला धार उत्तम होती. घरटं दोरीच्या वर येत होतं. तिथे पोहोचल्यावर मामा थांबले.

"काय झालं, हात दुखला व्हय?" चेअरमन म्हणाले. वर कुणीतरी हसलं.

कात्री मिटली. पिल्लांना अजून पिसंही नव्हती. मामांनी ती पाल्याबरोबर घमेल्यात भरली, वरून आणखी पाला झाकला आणि पुढे छाटत गेले. मी तिथेच उभी होते. कात्री धरायला मी पुढे झाले नाही. मला वाटतं, त्याही क्षणी मनात मी पुढचं पत्रक लिहीत होते.

दोन दिवस बुलबुलची जोडी चोचीत अळ्या घेऊन त्या सरळ कुंपणावर येत राहिली. तिसऱ्या दिवशी आली नाही.

वडिलांनी पत्रक चष्मा लावून वाचलं. "भाषा चांगली आहे," म्हणाले. "माणूस मारलास."

आठवड्याने मी माफीचं पत्र लिहून मामांकडे गेले. ते नळाखाली कात्री धूत होते. "वाचून दाखवते," मी म्हणाले.

त्यांनी हात पुसले, माझ्या हातून कागद घेतला आणि उभ्या उभ्याच वाचला. भराभर, ओठ न हलवता. मग घडी घालून परत दिला.

"सातवी शिकलोय मी, ताई. ते पहिलं पत्रक लावायच्या आधी दाखवायचं होतं."