रेगे मॅडम आणि नंबर नसलेली काच

गेल्या वर्षी आमच्या दिल्लीतल्या मराठी मंडळाच्या अंकात मी लिहिले होते की, डॉ. नलिनी रेगे मॅडमच्या प्रयोगशाळेत सर्वांत जास्त टिकलेल्या काचेवर सात पदर होते. ते मला खात्रीने माहीत नव्हते. मॅडमच्या साठीनिमित्तच्या या ग्रंथात आधी ती चूक दुरुस्त करते.

वीज दिली की निळी होणारी आणि उलटी दिली की पुन्हा पारदर्शक होणारी खिडकीची काच, हे मॅडमचे काम. दोन पदार्थांचे अतिशय पातळ पदर काचेवर आलटूनपालटून चढवायचे आणि ते सुटू द्यायचे नाहीत. मॅडम गुरुग्रामला राहतात. तिथले काचेचे टॉवर दाखवून म्हणतात, "आधी ऊन आत घ्यायचं, मग एसी लावायचा. बिल्कुल वेडेपणा!"

पहिल्या भेटीत मी चाचरत सांगितले की, चौथीपर्यंत आईने मला घरीच शिकवले. "अच्छा! म्हणजे कॉपी करायला शेजारी कुणी नव्हतं," असे म्हणून त्या हसल्या आणि त्यांनी मला कामावर घेतले.

काच हातात घेतली की आधी तिच्या कोपऱ्यात टोकाला हिरकणी बसवलेल्या पेनाने नंबर कोरायचा, हा त्यांचा शिरस्ता. मी घाईत मार्करने लिहिले. दर पदरानंतर काच स्पिरिटने धुतात. त्यात दोन काचांचे नंबर पुसले गेले. पाच पदरांची कोणती आणि सातांची कोणती, हे मी अंदाजाने ठरवले. त्यांतलीच एक सर्वांत जास्त टिकली, पण चाचणीअखेर दोन्हींवरचे थर सुटले. पदर मोजून खात्री करायलाही काही उरले नाही. त्याच अंदाजावर आमचा शोधनिबंध छापून आला, आणि त्यावरच माझी पीएचडी उभी होती.

या हिवाळ्यात मी मॅडमना सगळे सांगितले. ऐकून त्या म्हणाल्या,

"निबंध मागे घेऊ. नाव माझंही आहे ना त्यावर?"

"पण मॅडम, तुमच्या साठीच्या वर्षात..."

"साठी माझी आहे गं, काचेची नाही. तिला कसली घाई?"

दुसऱ्याच दिवशी त्या माझ्या शेजारी स्टूल ओढून बसल्या. प्रत्येक नव्या काचेवर मी नंबर कोरला की तो मोठ्याने वाचायच्या, मगच पुढची काच. त्या काचा आता चाचणीत आहेत आणि अजून एकही थर सुटलेला नाही.

मॅडमना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो आणि आपल्या काचा खिडक्यांना बसलेल्या त्यांना पाहायला मिळोत. निबंध मागे घेण्याच्या पत्रावर त्यांनी सही केली आहे. माझी बाकी आहे. हा लेख मंगळवारी संपादकांकडे जाईल. त्याआधी, येत्या सोमवारी सकाळी, मी सही करून ते पत्र पाठवणार आहे.