लग्नाच्या फोटोसाठी मुरुमांच्या गोळ्या

मित्रांनो, आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय.

माझ्या धाकट्या बहिणीचं, स्नेहलचं, लग्न ठरलंय. होणाऱ्या सासूबाईंनी तिला मुरुमांच्या गोळ्या आणून दिल्या. उल्हासनगरच्या ओळखीच्या मेडिकलमधून, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय. का, तर फोटोत डाग नकोत.

चेहरा साफ झाला. पण स्नेहल बोलेनाशी झाली. जेवताजेवता रडायची. म्हणायची, "ताई, काही झालं नाही गं, उगाच येतं."

आज दुपारी सासूबाई अंबरनाथला आमच्याकडे आल्या. मी गोळ्यांचा विषय काढला, तर हसल्या. "लग्नाआधी सगळ्याच पोरी रडतात. स्किन बघ ना, एकदम मस्त!" आणि बाजारात वांगं पारखावं तसा शेजारी बसलेल्या स्नेहलचा चेहरा उजेडाकडे फिरवला.

मी स्नेहलला उठवलं आणि थेट स्किनच्या डॉक्टरांकडे नेलं. त्या म्हणाल्या, "हे गोळ्यांमुळेच झालं, असं छातीठोक नाही सांगता येणार. पण काहींना असा त्रास होतो, म्हणून आम्ही लक्ष ठेवतो. शिवाय दिवस राहिले तर बाळाला फार घातक. लग्न ठरलेल्या मुलीला अशा कुणी दिल्या?" त्यांनी गोळ्या बंद केल्या आणि मनाच्या डॉक्टरांनाही भेटायला सांगितलं.

रिक्षात स्नेहलनेच सासूबाईंना फोन लावला. "मम्मी, गोळ्या बंद केल्यात. मला खूप रडू येतं. फोटोत पिंपल दिसतील."

पलीकडून उत्तर आलं, "थांब, फोटोग्राफर एडिट करून देतो का विचारते."

रडू का येतं, हे विचारलंच नाही. या घरात तुम्ही तुमची बहीण द्याल?